फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैल: बोमन ग्रे स्टेडियम इतकी वर्षं कसं टिकलं?

प्रश्न नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा आहे. त्यांनी विन्स्टन-सेलमला जाऊन बोमन ग्रे स्टेडियममधली शनिवार रात्रीची स्टॉक कार रेस, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाड्यांवरून घडवलेल्या गाड्यांची शर्यत, पाहिली. अमेरिकी फुटबॉलच्या मैदानाभोवती जेमतेम पाव मैलाची डांबरी पट्टी, वळणावर उतार नाही, आणि त्यावर वीस-बावीस गाड्या एकमेकींना घासत पळतायत. त्यांचे प्रश्न दोन: आसपासचे कितीतरी मोठे ट्रॅक बंद पडले, मग हा एवढासा कसा टिकला? आणि मागे अडकलेली गाडी, ती वेगवान आहे हे उघड दिसत असूनही, पुढे का जाऊ शकत नाही?

दोन्हींचं उत्तर शेवटी एकाच जागी येतं. हा ट्रॅक रेसिंगसाठी बांधलेलाच नव्हता. जमीन शहराची, आकार मैदानाने ठरवलेला, आणि तो वाढवायला जागाच नाही. त्यामुळे कर्ज काढून मोठं होण्याचा आणि मग त्या कर्जाखाली दबण्याचा रस्ता पहिल्यापासूनच बंद होता. त्याच आकाराने इथल्या रेसिंगची तऱ्हाही ठरवली. आता हे नीट उलगडून सांगतो.

स्टेडियम १९३७-३८ सालचं. महामंदीत लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून अमेरिकी सरकारने जी सार्वजनिक बांधकामं काढली, त्यांतलंच हे एक. नाव बोमन ग्रे यांचं. ते आर. जे. रेनॉल्ड्स या विन्स्टन-सेलमच्याच तंबाखू कंपनीचे अध्यक्ष होते, आणि ग्रे कुटुंबाने बांधकामाला देणगीही दिली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

मैदानाभोवती पाव मैलाची पट्टी का? तर ४४० यार्ड, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, ही त्या काळी अमेरिकेत धावण्याच्या ट्रॅकची नेहमीची लांबी होती, आणि फुटबॉलचं मैदान त्या लंबगोलात बरोबर मावतं. १९३० च्या दशकात मिजेट नावाच्या चिमुकल्या रेसिंग गाड्यांची अमेरिकेत लाट आली होती. त्यांना एवढी पट्टी पुरायची, आणि प्रेक्षकांना बसायला पायऱ्या आयत्या तयार. म्हणून देशभर स्टेडियमांमध्ये गाड्या शिरल्या. शिकागोच्या सोल्जर फील्डवर तर १९५६ मध्ये नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार शर्यती चालवणाऱ्या संस्थेच्या, मुख्य मालिकेची शर्यत झाली आणि फायरबॉल रॉबर्ट्स जिंकले. आज तिथे ट्रॅकचा मागमूसही नाही. बोमन ग्रे वेगळं ठरलं ते इथल्या सातत्यामुळे. स्टेडियममध्ये रेस भरवण्याची कल्पना काही इथली एकट्याची नव्हती.

सुरुवातीला पट्टी मातीची होती. १९४७ मध्ये ती डांबरी झाली. १९४९ मध्ये नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स आणि ॲल्विन हॉकिन्स यांनी इथे नॅसकारच्या नावाखाली शर्यती सुरू केल्या. पहिली झाली १८ मे १९४९ रोजी, मॉडिफाइड, म्हणजे रेसिंगसाठी फेरफार केलेल्या गाड्यांची, आणि जिंकले फॉन्टी फ्लॉक. ही तारीख जरा नीट पाहा. नॅसकार ही संस्था कागदोपत्री २१ फेब्रुवारी १९४८ ला जन्मली, आणि आज जी कप मालिका म्हणून ओळखली जाते तिची पहिली शर्यत शार्लटला झाली १९ जून १९४९ ला. म्हणजे बोमन ग्रेची आठवड्याची रेस कप मालिकेपेक्षा महिनाभराने थोरली. नॅसकारच्या साप्ताहिक ट्रॅकांमध्ये सर्वांत जास्त काळ चाललेला ट्रॅक हाच.

हॉकिन्स हे नॅसकारच्या सुरुवातीच्या काळातले झेंडा दाखवणारे अधिकारी. पुढे फ्रान्स फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅककडे आणि देशभरच्या पसाऱ्याकडे वळले. विन्स्टन-सेलमचा कारभार मात्र हॉकिन्स घराण्याकडेच राहिला, तो थेट २०२४ पर्यंत. एका छोट्या ट्रॅकच्या इतिहासात ही गोष्ट फार मोलाची आहे. साप्ताहिक ट्रॅक बंद पडतो तो बहुतेक वेळा संस्थापक थकल्यावर. नियमाची वही, कुणाशी कसं बोलायचं, कुठल्या चालकाला कधी दंड करायचा आणि कधी नुसतं दटावायचं, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर जातं. इथे ते घरातच पुढे गेलं.

कप मालिका इथे १९५८ ते १९७१ या काळात आली. पहिली शर्यत बॉब वेलबॉर्न यांनी जिंकली. रेक्स व्हाइट यांनी इथे सहा शर्यती जिंकल्या, आणि कप मालिकेत इथला तो आजही विक्रम आहे. ग्लेन वुड, म्हणजे प्रसिद्ध वुड ब्रदर्स संघाचे संस्थापक, यांनी कारकिर्दीत कप मालिकेच्या चार शर्यती जिंकल्या, आणि चारही इथल्याच. रिचर्ड पेटी यांचा शंभरावा विजय इथलाच, २२ ऑगस्ट १९६९ चा. या काळातली आठवण जिच्याभोवती फिरते ती मायर्स बंधूंची जोडी. बॉबी मायर्स १९५७ मध्ये डार्लिंग्टनच्या सदर्न ५०० शर्यतीत अपघातात गेले. दुसऱ्याच वर्षी एप्रिलमध्ये बिली मायर्स बोमन ग्रेवरच्या शर्यतीत, गाडी चालवत असतानाच, हृदयविकाराने गेले. त्यांच्या नावाची स्मृती-शर्यत इथे सुरू झाली. त्यांच्या घरातले बर्ट आणि जेसन मायर्स आजच्या काळातही याच पट्टीवर मॉडिफाइड चालवत आले आहेत. इथे पिढी याचा अर्थ नुसतं आडनाव नाही. कुठल्या वळणाला डांबर कसं घासलंय, पाऊस पडून गेल्यावर पकड आधी कुठे येते, हे ज्ञान गॅरेजमधून गॅरेजमध्ये जातं.

एक गोष्ट टाळून हा इतिहास सांगणं बरोबर नाही. १९५२ मध्ये वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातून आपली गाडी ओढत विन्स्टन-सेलमच्या नॅसकार शर्यतीला आले होते. त्यांना वर्णामुळे उतरू दिलं नाही. हेच स्कॉट पुढे १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला कप मालिकेची शर्यत जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय चालक ठरले. आणि आज बोमन ग्रेच्या मधल्या हिरवळीवर ज्यांचं घरचं मैदान आहे ते विन्स्टन-सेलम स्टेट हे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ आहे. या दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आता ग्रे यांच्या कंपनीकडे परत येऊ. १९७० च्या कायद्याने अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. ती लागू झाली जानेवारी १९७१ मध्ये. आर. जे. रेनॉल्ड्सकडे जाहिरातीचा पैसा मोकळा झाला आणि तो नॅसकारच्या मुख्य मालिकेत आला. मालिकेचं नावच विन्स्टन कप झालं. १९७२ पासून वेळापत्रक ४८ शर्यतींवरून ३१ वर आलं, आणि २५० मैलांपेक्षा लहान शर्यती वगळल्या गेल्या. बोमन ग्रेचा हिशेब करून पाहा: २५० लॅप, म्हणजे फेऱ्या, घेतल्या तरी साडेबासष्ट मैल होतात. २५० मैल भरायला हजार लॅप लागतील. तेव्हा ज्या कंपनीच्या अध्यक्षाचं नाव स्टेडियमवर, तिच्याच पैशाने घडलेल्या बदलात त्या स्टेडियममधून कप मालिका गेली.

शेवटची कप शर्यत झाली ६ ऑगस्ट १९७१ ला, तीच मायर्स बंधूंची स्मृती-शर्यत. त्या वर्षी गाड्या कमी पडत होत्या म्हणून ग्रँड अमेरिकन गटातल्या लहान गाड्यांनाही सोबत उतरवलं होतं. बॉबी ॲलिसन तशाच एका मस्टँगने पहिले आले आणि पेटी दुसरे. गाडी दुसऱ्या गटाची, म्हणून ॲलिसनना मुख्य मालिकेतला विजय दिला गेला नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षं या शर्यतीला अधिकृत विजेताच नव्हता. नॅसकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो विजय ॲलिसन यांच्या खात्यात जमा केला. तो त्यांचा पंच्याऐंशीवा. त्याने ते डॅरेल वॉलट्रिप यांच्या ८४ च्या पुढे गेले. पुढच्याच महिन्यात ॲलिसन वारले. हा निकाल त्यांच्या हयातीत लागला याचं फार बरं वाटतं.

कप गेल्यावर बोमन ग्रे संपायला हवं होतं असं बाहेरून वाटतं. झालं उलट. कप मालिका वर्षातून एकदा-दोनदा येणारा पाहुणा होती. घर चालत होतं शनिवारवर. तिकीट काढणारा माणूस पेटींना बघायला जितका येई तितकाच आपल्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला बघायलाही येई, आणि गॅरेजवाला तर कुठे जाणार नव्हता.

जमिनीचा मुद्दा इथे समजून घ्या, कारण छोट्या ट्रॅकांचं मरण बहुधा तिथेच असतं. खाजगी ट्रॅक गावाबाहेर माळावर बांधला जातो. वीस-तीस वर्षांत गाव तिथवर पोचतं. आवाजाच्या तक्रारी सुरू होतात, विम्याचा हप्ता वाढतो, आणि एक दिवस घरं बांधणाऱ्याने दिलेला भाव हा पन्नास वर्षांच्या तिकीटविक्रीपेक्षा मोठा ठरतो. कधी जमीन राहते पण तारखा जातात. विन्स्टन-सेलमहून पश्चिमेला तासाभराच्या आतबाहेर असलेला नॉर्थ विल्क्सबरो ट्रॅक १९९५-९६ मध्ये दोन नव्या मालकांच्या हाती गेला. त्यांना हव्या होत्या कप मालिकेच्या दोन तारखा. त्या टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला गेल्या, ट्रॅक ओस पडला, आणि २०२३ मध्ये सरकारी निधीच्या मदतीने ऑल-स्टार शर्यत तिथे परतेपर्यंत पंचवीसहून अधिक वर्षं गेली. तुमच्या कॅरीपासून जवळ, हिल्सबरोला, ऑकोनीची स्पीडवे होता. १९६८ नंतर तिथे रेस झाली नाही. आज एनो नदीकाठच्या झाडीतून त्या मातीच्या ट्रॅकवर पायवाट आहे.

बोमन ग्रेची जमीन विकाऊ नव्हती. प्रमोटर, म्हणजे रेस भरवणारा, फक्त भाडेकरू. एप्रिल ते ऑगस्ट शनिवारी गाड्या, मग हिवाळा लागेपर्यंत फुटबॉल. १९५६ ते १९६७ वेक फॉरेस्ट विद्यापीठ इथे खेळलं, नंतर विन्स्टन-सेलम स्टेट. पायऱ्या, दिवे, शौचालयं, पार्किंग यांचा भार रेसिंगने एकट्याने उचलला नाही. साप्ताहिक ट्रॅकच्या ताळेबंदात या चार गोष्टीच माणसाला बुडवतात.

उत्पन्नाची बाजूही थोडक्यात सांगतो. अशा ट्रॅकला दोन फाटकं असतात. पुढच्या फाटकातून प्रेक्षक येतात, मागच्या फाटकातून चालक, मेकॅनिक आणि त्यांची माणसं पिटचा, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेचा, पास घेऊन येतात. प्रत्येक गाडीमागे पाच-सहा माणसं धरली आणि चार गटांत मिळून सत्तर-ऐंशी गाड्या आल्या, तर मागच्या फाटकाचाच गल्ला बक्षिसाच्या रकमेचा बराचसा भाग भरून काढतो. म्हणून शहाणा प्रमोटर खालचे स्वस्त गट कधी बंद करत नाही. बोमन ग्रेला चार गट आहेत: सर्वांत वर उघड्या चाकांच्या मॉडिफाइड, मग स्पोर्ट्समन, मग स्ट्रीट स्टॉक, आणि तळाशी चार सिलिंडरच्या स्टेडियम स्टॉक. शेवटच्या गटात भंगारातून उचललेली साधी गाडी घेऊन, आत संरक्षक पिंजरा वेल्ड करून माणूस उतरू शकतो. तीच पहिली पायरी. ती काढली की दहा वर्षांत वरचा गटही आटतो, आणि कितीतरी ट्रॅकांनी हे आपल्या हाताने केलं आहे.

आता दुसरा प्रश्न, पुढे का जाता येत नाही.

सुरुवात वळणातल्या उतारापासून करू. इंग्रजीत बँकिंग म्हणतात तो बाहेरून आत कललेला उतार गाडीला वळणात धरून ठेवतो. टायरची पकड तीच आणि वळणाची त्रिज्याही तीच ठेवून, सपाटऐवजी २५ अंशांचा उतार दिला, तर गणिताने वेग सव्वा-दीडपटीच्याही पुढे, सुमारे १.६ पट होतो. टेनेसीतला ब्रिस्टल ट्रॅक साधारण ८५८ मीटरचा, उतार तीव्र, आणि कप गाडीची लॅप सुमारे १५ सेकंदांची. बोमन ग्रे ४०२ मीटरचं, आणि मॉडिफाइडची लॅप सुमारे १३ सेकंदांची. दुपटीहून लांब ट्रॅकला फक्त दोन सेकंद जास्त! बोमन ग्रेची सरासरी त्यामुळे ताशी ११० किलोमीटरच्या आसपासच राहते.

हा कमी वेग ट्रॅकच्या दीर्घायुष्याचं एक मोठं कारण आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३०० च्या ट्रॅकवरच्या धडकेत ताशी ११० च्या धडकेपेक्षा सातपटीहून जास्त ऊर्जा असते. इथे गाडी चेपते, चालक चिडून बाहेर येतो, आणि पुढच्या शनिवारी तीच गाडी पत्रा ठोकून परत उभी राहते. धोका नाही असं मुळीच नाही. पण चालकाच्या घरचं बजेट आणि जीव दोन्ही सांभाळत वीस-तीस वर्षं रेस करणं इथे शक्य होतं, आणि तशी माणसंच ट्रॅक जिवंत ठेवतात.

सपाट वळणात मात्र वापरण्याजोगी वाट जवळजवळ एकच असते, आतली. बाहेरची वाट लांब पडते आणि तिथे आधाराला उतार नाही. आतल्या वाटेवर डांबर रबराने माखून चिकट होतं, तर बाहेर टायरच्या गोळ्या आणि धूळ साठते. पहिल्या वीस लॅपांनंतर बाहेर गेलेली गाडी खड्यांवरून चालल्यासारखी घसरते. म्हणून मागच्याला दोनच पर्याय उरतात. एक, पुढच्याला वळणाच्या मध्यावर बंपरने हलका धक्का द्यायचा, तो अर्धा मीटर वर सरकला की आत घुसायचं. दोन, वळणात मुद्दाम उशिरा आत वळायचं, गाडी लवकर सरळ करायची आणि बाहेर पडताना आधी ॲक्सिलरेटर दाबायचा. पहिला मार्ग सोपा आहे आणि भांडणाचं मूळही तोच. धक्का वळणाच्या तोंडाशी दिला तर पुढची गाडी गरकन फिरते. मध्यावर, ब्रेक सुटल्यानंतर दिला तर ती फक्त सरकते. ट्रॅकला ‘मॅडहाउस’ हे नाव पडलं ते या फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे झालेल्या हाणामाऱ्यांवरून.

आणि पुढे असणाऱ्यालाही स्वस्थता नाही. २३ गाड्या ०.४ सेकंदांच्या अंतराने एकामागे एक असतील तर रांग जवळपास ९ सेकंदांची होते. लॅप १३ सेकंदांची. म्हणजे पहिल्याच्या पुढे, शेवटच्या गाडीपर्यंत, फक्त ४ सेकंदांची मोकळी जागा. शेवटचा दर लॅपला ०.३ सेकंदाने हळू असेल तर तेरा-चौदा लॅपांत पहिला त्याच्या मागे येऊन अडकतो. इथे शर्यत हरली जाते ती बहुतेक वेळा मागे पडलेल्या गाड्यांच्या गर्दीत.

गाडी तयार करताना कुठे बारीक लक्ष द्यावं लागतं, तेही पाहा, म्हणजे पुढच्या वेळी पायऱ्यांवरून वेगळं दिसेल.

सगळी वळणं डावी. मागचा ॲक्सल लॉक असतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, पण वळणात बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून उजवं टायर घेराने मोठं ठेवतात. यालाच स्टॅगर म्हणतात. त्रिज्या ४० मीटर आणि दोन चाकांमधलं अंतर १.६५ मीटर धरलं तर फरक ४ टक्क्यांच्या थोडा वर येतो. २१० सेंटिमीटर घेराच्या टायरला तो जवळपास साडेआठ सेंटिमीटर. एवढा फरक प्रत्यक्षात कुणी देत नाही, कारण सरळ पट्ट्यावर गाडी सतत डावीकडे ओढते आणि टायर विनाकारण घासतं. वळणातली खरी वाटही जास्त रुंद असते. म्हणून निम्म्याच्या आसपास ठेवतात. मोजायचं ते टेपने, ट्रेडच्या, म्हणजे टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागाच्या, मधोमध, हवा भरून टायर थोडा वेळ ताणू दिल्यावर. सावलीत मोजलेलं आणि उन्हात ठेवलेलं टायर यांत फरक पडतो, म्हणून चारही एकाच जागी ठेवून मोजतात.

दुसरं वजनाचं. चार चाकांखाली चार काटे ठेवून गाडी तोलतात, चालक आत बसलेला आणि टाकीत ठरलेलं इंधन. पुढचं उजवं आणि मागचं डावं यांची बेरीज भागिले एकूण वजन, हे तिरपं वजन. १२०० किलोच्या गाडीत ही बेरीज ६२४ असेल तर ५२ टक्के. ते वाढवलं की गाडी वळणात पुढून सरळ ढकलत जाते पण बाहेर पडताना पकड छान देते. कमी केलं की आत सहज वळते पण ॲक्सिलरेटरवर मागून सुटते. सपाट ट्रॅकवर वेळ कमावली जाते ती बाहेर पडताना, म्हणून बहुतेक जण थोडं ढकलणं सोसतात. स्प्रिंगच्या वरचा स्क्रू एकदा फिरवला की हा आकडा बदलतो. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा तोलायचं.

ब्रेक ही बोमन ग्रेची खरी परीक्षा. लॅपला दोनदा ब्रेक, २०० लॅपांना ४०० वेळा, म्हणजे दर साडेसहा सेकंदांना एकदा, आणि वेग इतका कमी की थंड करायला वारा नाही. बिघाडाची साखळी अशी चालते: डिस्क तापते, उष्णता रिममध्ये जाते, रिममधून टायरच्या हवेत. हवेचा दाब वाढतो, टायरचा घेर वाढतो, आणि चारही टायर सारखे तापत नसल्यामुळे मघाशी मोजून ठेवलेला स्टॅगर शर्यतीच्या मध्यावर बदललेला असतो. चालक म्हणतो गाडी अचानक ढकलायला लागली. तो जास्त ब्रेक मारतो, आणि सगळं आणखी तापतं. पुढे ब्रेकचं तेल उकळलं की पेडल खोल जातं. उपाय: तेल प्रत्येक शर्यतीआधी नवं, ब्रेककडे हवा ढकलणारे छोटे इलेक्ट्रिक पंखे, आणि सुरुवातीचा दाब थोडा कमी ठेवणं, म्हणजे तापल्यावर तो योग्य जागी येतो.

रेडिएटरचंही तसंच. पुढच्याच्या बंपरला नाक लावून पन्नास लॅप गेल्यावर वारा मिळत नाही, आणि रबराचे कण व मैदानाकडचं गवत जाळीत अडकतं. अपघातानंतर सगळ्यांनी हळू चालण्याचा पिवळा झेंडा पडला की काही चालक रांगेतून अर्धी गाडी बाहेर काढून चालतात, ते नाकाला मोकळा वारा मिळावा म्हणून.

गियरचा हिशेब सोपा आहे. टायरचा घेर २.१ मीटर, सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १३० किलोमीटर धरले तर चाक मिनिटाला हजाराच्या थोडं वर फिरतं. इंजिन ७००० फेऱ्यांवर हवं असेल तर एकूण प्रमाण ६.८ च्या आसपास. मॉडिफाइडच्या मागच्या ॲक्सलला एक झाकण असतं. ते काढून आतल्या दोन गियरची जोडी बदलली की हे प्रमाण बदलतं, ॲक्सल उतरवावा लागत नाही. सरावानंतर पिटमध्ये मागे वाकून बसलेली माणसं दिसतील, त्यांचं बहुतेक हेच चाललेलं असतं.

अलीकडचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच. नॅसकारने २०२२ ते २०२४ या काळात लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये फुटबॉलच्या मैदानावर तात्पुरता पाव मैलाचा डांबरी ट्रॅक घालून हंगामाची पहिली प्रदर्शनीय शर्यत, क्लॅश, भरवली. २०२४ मध्ये बोमन ग्रेचा भाडेकरार नॅसकारकडे आला आणि २ फेब्रुवारी २०२५ रोजी क्लॅश इथे झाली. कप गाड्या ५४ वर्षांनी परतल्या. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला आघात शोषणारे पोलाद-फोमचे सेफर बॅरियर बसवले. मुख्य शर्यत २३ गाड्यांची, २०० लॅपांची. चेस एलियट जिंकले, आणि रायन ब्लेनी अगदी शेवटच्या जागेवरून निघून दुसरे आले. वर पुढे जाणं किती अवघड ते सांगितलं, त्यावरून या दुसऱ्या क्रमांकाची किंमत कळेल. बर्ट मायर्स आणि इथे मॉडिफाइडमध्ये सर्वाधिक विजय मिळवणारे टिम ब्राउन या स्थानिकांनाही कप गाड्या मिळाल्या होत्या. दोघे मुख्य शर्यतीपर्यंत पोचले नाहीत. पट्टी त्यांच्या हाताखालची होती, पण गाडी दीड टनाची, बंद चाकांची, पूर्ण वेगळ्या सवयीची.

सेफर बॅरियर आले, सोयी सुधारल्या, हे उत्तम. जपायचं आहे ते चार गटांचं शनिवारचं वेळापत्रक आणि तळाच्या गटाचं स्वस्तपण. क्लॅशसारखी एक मोठी रात्र वर्षभराच्या शनिवारांची जागा घेऊ शकत नाही, हे १९७१ नंतरच्या वर्षांनी इथेच दाखवून दिलंय.

पुढच्या वेळी गेलात तर खालच्या ओळी टाळा. तिथे रबराचे कण अंगावर येतात आणि समोरचा अर्धा ट्रॅकच दिसतो. वरच्या तिसऱ्या भागात, वळणातून गाड्या बाहेर पडतात त्या टोकाला बसा. कुणाचा ॲक्सिलरेटर आधी उघडतो ते तिथून कानाला कळतं. गावच्या जत्रेत फडाच्या कडेला बसलं की पैलवानाची पकड कधी सुटणार ते जसं आधी जाणवतं, तसं इथे धक्का बसण्याआधी दोन लॅप जाणवायला लागतं. कानात फोमचे बोळे हवेतच. मुलांना त्यावर कान झाकणारे मफही घाला, कारण पायऱ्यांच्या कढईत आवाज कोंडून राहतो. आणि मॉडिफाइडची शर्यत संपली म्हणून उठू नका. स्टेडियम स्टॉकच्या गाड्या शेवटी आल्या तरी थांबा. पुढच्या वीस वर्षांची नावं त्याच गटात असतात.